टप्पा पडल्यावर सुरू होणारं गोल्फ: फ्रान्समधली कोरडी, पळती मैदानं

झेंडा १४० मीटरवर, ग्रीनची, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक तासलेल्या गवताची, पुढची कड १२८ मीटरवर. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी पात्याचा क्लब; नंबर जितका मोठा, तितका फटका उंच आणि आखूड) उंच, स्वच्छ फटका बसतो आणि बॉल हवेत १३५ मीटर जाऊन ग्रीनवर पडतो. पावसाळ्यानंतरच्या पुण्यात तो तीन-चार मीटर सरकून झेंड्याजवळ थांबला असता. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर जुलैच्या दुपारी तोच बॉल फरशीवर आपटल्यासारखा उसळतो, दोन लांब टप्पे घेतो आणि ग्रीनच्या मागच्या गवतात जाऊन बसतो. फटक्यात काहीच खोट नव्हती. हिशेब मात्र अर्धाच झाला होता, हवेतल्या अंतराचा. जमिनीवरचं अंतर कुणी मोजलंच नव्हतं.

अशा मैदानावर त्याच जागेवरून योग्य फटका आठ नंबरच्या आयर्नचा. हवेत १२५ मीटर, म्हणजे ग्रीनच्या तीन मीटर अलीकडे टप्पा, आणि पुढचे १५ मीटर जमिनीवरून. बॉल मुद्दाम ग्रीनच्या बाहेर पाडायचा, ही गोष्ट मनाला पटवून देणं हाच या सहलीतला सगळ्यात अवघड भाग आहे.

टणक जमीन काय करते

बॉल आदळतो तेव्हा मऊ जमीन दबते, तिथे खळगा पडतो आणि बॉलची बरीचशी ऊर्जा त्या खळग्यातच खर्च होते. शिवाय खळग्यात बॉलच्या उलट्या फिरकीला पकड मिळते, म्हणून तो लवकर थांबतो. टणक जमीन दबत नाही. ऊर्जा बॉलमध्येच राहते आणि पहिल्या टप्प्याला स्पर्श इतका क्षणिक असतो की फिरकीला धड पकड मिळत नाही. ती मिळते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला, तोवर बॉल दहा-बारा मीटर पुढे निघून गेलेला असतो. क्रिकेट बघणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गोलंदाज तोच, टप्पाही तोच, पण सकाळच्या ओलसर खेळपट्टीवर बॉल एक करतो आणि उन्हाने भाजलेल्या खेळपट्टीवर दुसरंच.

दुसरी बाब म्हणजे बॉल किती तिरका खाली येतो. व्यावसायिक खेळाडूंचा सात नंबरच्या आयर्नचा बॉल साधारण ५० अंशांत उतरतो, ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, ३८ ते ४० अंशांत. कोन जितका कमी, तितकी घरंगळ जास्त. आता जमीन पुढच्या दिशेने पाच अंश उतरती असेल, तर ड्रायव्हरचा कोन प्रत्यक्षात ३३-३५ अंशच उरतो. म्हणून वाळूच्या टेकडीच्या पुढच्या उतारावर पडलेला बॉल चाळीस मीटर धावतो आणि दहा मीटर अलीकडे, चढावर पडलेला जागीच उभा राहतो. तुमच्या दोन फटक्यांत पन्नास मीटरचा फरक दिसला, तर लगेच स्वतःच्या स्विंगला बोल लावू नका.

वाळू आणि काळी माती

कोरडं मैदान म्हणजे वेगवान मैदान, असं सरसकट नसतं. दख्खनची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला हे चटकन कळेल. पावसात चिखल, मे महिन्यात हातभर भेगा. चिकणमातीचं मैदान उन्हात टणक होतं खरं, पण एकसारखं होत नाही. कुठे घट्ट ढेकूळ, कुठे भेग, कुठे सावलीतली ओल, त्यामुळे टप्पा डावीकडे उडेल की उजवीकडे याचा भरवसा नाही. रेताड जमिनीत दोन कणांमधली जागा मोठी असते, पाणी लगेच खाली जातं, मुळं पाण्यामागे खोल जातात आणि वरचा थर सगळीकडे सारखा कोरडा राहतो. तिथला टप्पा मोठा असतो, पण त्याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठीच लोक लांबून येतात.

या वाळूवर फेस्क्यू जातीचं गवत वाढतं. पातं सुईसारखं बारीक, मुळं खोल, पाणी आणि खत दोन्ही कमी लागतात. जास्त पाणी-खत दिलं की पोआ नावाचं उथळ मुळांचं मऊ गवत घुसतं आणि फेस्क्यूला हुसकावून लावतं. त्यामुळे अशा मैदानाचा चांगला ग्रीनकीपर नळ बंद ठेवण्यासाठी ओळखला जातो. उन्हाळ्यात फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) पिवळट-तपकिरी दिसला म्हणजे गवत मेलं असं नाही, ते झोपलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आला की हिरवं होतं.

कुठे जायचं, कधी जायचं

फ्रान्समध्ये गोल्फ जुनं आहे. पिरेनीजच्या पायथ्याचा पो इथला क्लब १८५६ चा, युरोपच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत जुना. (आपला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता त्याहूनही जुना, १८२९ चा.) बियारित्झच्या अर्नो मासीने १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या होयलेकच्या वादळी लिंक्सवर (समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं मैदान) ब्रिटिश ओपन जिंकली. त्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाला ती जिंकता आलेली नाही.

पळत्या जमिनीसाठी पहिली पसंती इंग्लिश खाडीच्या किनाऱ्याला. बुलोनच्या उत्तरेला विमरो, दक्षिणेला आर्दलो आणि ल तुके, ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून तासाभरात गाठता येतात. ल तुकेचा ‘ला मेर’ कोर्स हॅरी कोल्टने आखला, १९३१ मध्ये तो सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात त्याची नासधूस झाली आणि अलीकडे कोल्टची जुनी रचना पुन्हा उभी करण्यात आली. आर्दलोचा ‘ले पँ’ टॉम सिम्प्सनचा. पाइनच्या झाडीतला, वाऱ्यापासून थोडा सुरक्षित. नॉर्मंडीत ग्राँव्हिलचा लिंक्स आहे, फारशी सजावट नसलेला, ओबडधोबड, आणि या विषयापुरतं बोलायचं तर देशातल्या अस्सल मैदानांपैकी एक. एत्रता मात्र या यादीत धरू नका. समुद्र समोर आहे, नजारा अप्रतिम आहे, पण मैदान खडूच्या कड्यावर आहे, वाळूच्या टेकड्यांत नाही. समुद्रकाठचा प्रत्येक कोर्स लिंक्स नसतो.

पॅरिसच्या आसपास फाँतेनब्लो आणि शाँतीयी यांची जमीन रेताड आहे. मॉरफाँतेन तर अनेकांच्या मते फ्रान्समधला सर्वोत्तम कोर्स, पण तो खासगी आहे, सभासदाच्या ओळखीशिवाय प्रवेश अवघड. रायडर कप २०१८ आणि २०२४ च्या ऑलिम्पिकमधलं गोल्फ जिथे झालं तो ‘ल गोल्फ नॅशनल’ प्रसिद्ध असला तरी तिथे खेळ तळ्यांचा आहे, घरंगळीचा नाही.

नैऋत्येला लांदच्या पाइनच्या जंगलात ओसगोर, सेन्योस, मोलिए आणि बियारित्झला लागून शिबेर्ता. जमीन वाळूची, पण अटलांटिकवरून पाऊस बऱ्यापैकी येतो.

आणि भूमध्य समुद्राचा किनारा? ऊन सगळ्यात कडक तिथेच, म्हणून वेगही तिथेच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात प्रोव्हान्समधल्या बऱ्याच रिसॉर्ट कोर्सना रात्री पाणी दिलं जातं आणि फेअरवे हिरवे, मऊसर राहतात. पाणी नसलेला भाग असतो तो कडेचा, दगडगोट्यांचा, आणि तिथे आयर्नच्या तळाला ओरखडे पडतात. शुद्ध वेग हवा असेल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उत्तरेकडेच जावं. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, हा वरचा फायदा.

पाण्याचे नियम तुमच्या टप्प्यात कसे येतात

हा मुद्दा प्रवासी सहसा वाचत नाहीत. फ्रान्समध्ये दुष्काळाच्या चार पायऱ्या आहेत: दक्षता, इशारा, तीव्र इशारा आणि संकट. त्या जिल्ह्याचा प्रीफे, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, जाहीर करतो. इशाऱ्याच्या पायरीवर गोल्फ कोर्सना सकाळी ८ ते रात्री ८ पाणी देता येत नाही. तीव्र इशाऱ्यात फेअरवेचं पाणी बंद होतं. संकटाच्या पायरीवर फक्त ग्रीनना, तेही रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात आणि नेहमीच्या ३० टक्क्यांपर्यंतच पाणी देता येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात ही सवलतसुद्धा लोकांना डाचली. तुलूझजवळच्या दोन मैदानांवर पर्यावरण कार्यकर्त्यांनी ग्रीनवरची भोकं सिमेंटने बुजवली होती. पिण्याच्या पाण्यावर निर्बंध असलेल्या गावात राहत असाल, तर हॉटेलच्या स्वागतकक्षात फेअरवे फार पिवळे आहेत म्हणून कुरकुर न केलेली बरी.

खेळाच्या दृष्टीने खरी मेख अशी की तीव्र इशाऱ्यात ग्रीन ओलसर आणि ग्रीनसमोरचा पट्टा भाजलेला, अशी जोडी तयार होते. अलीकडे टप्पा टाकला तर बॉल उसळून ग्रीन पार करतो, ग्रीनवर टाकला तर निमूट थांबतो. म्हणजे वर सांगितलेला आठ नंबरचा हिशेब अशा दिवशी उलटा पडतो. यावर उपाय दोनच: थेट ग्रीनवर उंच फटका, किंवा ग्रीनच्या २५-३० मीटर अलीकडूनच घरंगळणारा खूप खालचा फटका, ज्यात मोठा टप्पा पडतच नाही. मधला पर्याय घातक. विजिओ या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या ठिकाणी कुठली पायरी लागू आहे ते दिसतं. जायच्या आदल्या दिवशी बघून ठेवा.

पाणी रात्री दिलं जात असल्याने दिवसभरात ग्रीनचा स्वभावही बदलतो. सकाळी ८ ची टी (खेळ सुरू करायची वेळ) आणि दुपारी ३ ची टी, झेंड्याची जागा तीच असली तरी घरंगळीत सहज पाच-सहा मीटरचा फरक पडू शकतो.

पहिल्या टीआधीची दहा मिनिटं

सराव-ग्रीनजवळ जा आणि ३० मीटरवरून एकाच वेजने (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) तीन बॉल मारा. टप्पा कुठे पडला आणि बॉल कुठे थांबला हे पावलांनी मोजा. टप्प्यानंतर तीन-चार पावलं असतील तर नेहमीसारखं खेळा. आठ-दहा असतील तर दिवसभर प्रत्येक फटक्याला टप्प्याची जागा अलीकडे घ्या. मग टप्प्याची खूण शोधा. नखभर डाग असेल आणि खळगा नसेल, तर जमीन टणक. लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) अंगठ्याने ग्रीनच्या पुढच्या पट्ट्यात दाबून बघा (ग्रीनवर नव्हे). अर्धीही जात नसेल, तर वेज पिशवीतच राहू द्या.

टीवरून

तुमचा ड्रायव्हर हवेत १९० मीटर जातो आणि बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, २१५ मीटरवर आहे. घरी तो तुमच्या आवाक्याबाहेर असतो. इथे ३० मीटर घरंगळ मिळाली की बॉल नेमका त्याच्यातच, कारण बंकरभोवतीची जमीन त्याच्याकडेच उतरलेली असते. नकाशात बंकर चार मीटर रुंद दिसला, तरी तो बारा मीटरच्या पट्ट्यातले बॉल ओढून घेतो. वळणाच्या होलवरही हेच. बॉल वळणावर थांबत नाही, कोपरा ओलांडून रफमध्ये, म्हणजे कडेच्या लांब गवतात, जातो. हायब्रिड किंवा पाच नंबरचं वूड (ड्रायव्हरपेक्षा आखूड मारणारे क्लब) घेऊन बंकरच्या अलीकडे थांबणं इथे भित्रेपणाचं लक्षण मानलं जात नाही.

एक तांत्रिक गोष्ट, जिच्यामुळे पहिले दोन दिवस वाया जातात: फ्रान्समध्ये स्कोअरकार्डवर आणि खुणांवर अंतर मीटरमध्ये असतं. आपल्याकडे बरेचजण यार्डांत विचार करतात. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर, म्हणून तिथे १३५ मीटरची खूण नेहमी दिसते. ही खूण ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर सांगते की मध्यापर्यंतचं, हे मैदानावरच्या दुकानात विचारून घ्या. रेंजफाइंडर मीटरवर लावा आणि आपल्या प्रत्येक क्लबचं हवेतलं अंतर मीटरमध्ये कागदावर लिहून ठेवा. मनातल्या मनात दहा टक्के वजा करणं चौदाव्या होलपर्यंत जमत नाही.

ग्रीनभोवती

सगळ्यात जास्त फटके वाया जातात ते इथे, म्हणून थोडं थांबून बघू.

ओल्या, दाट गवतात वेज थोडी मागे आदळली तरी तिचा तळ गवतातून सरकतो आणि बॉल कसाबसा उडतो. टणक, तासलेल्या जमिनीवर तोच तळ आदळून वर उसळतो आणि धार बॉलच्या मध्यावर बसते. बॉल जमिनीलगत गोळीसारखा सुटतो, ग्रीनच्या पलीकडे. यामागे वेजचा ‘बाउन्स’ असतो, म्हणजे तळ धारेपेक्षा किती अंशांनी खाली उतरला आहे ते. ५६ अंशांच्या सँड वेजला तो बहुधा १२-१४ अंश असतो, मऊ वाळूसाठी उत्तम. कोरड्या जमिनीसाठी ४ ते ८ अंशांची एक वेज बरोबर न्या. वेजचं पातं मागे झुकवून उघडू नका, कारण उघडलं की बाउन्स वाढतो. बॉल पायांच्या मध्यापासून जरा मागे, वजन साठ टक्के पुढच्या पायावर, हात बॉलच्या किंचित पुढे.

पण त्याहून सोपा उपाय म्हणजे वेज वापरायचीच नाही. १५-२० मीटरवरून, वाटेत गवत तासलेलं असेल तर पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब). सर्वांत वाईट पटरचा फटकासुद्धा सहसा सर्वांत वाईट वेजपेक्षा जवळ जातो. वाटेत थोडं उंच गवत असेल तर आयर्नने छोटा फटका, ‘बारातून वजा’ या जुन्या हिशेबाने: १२ मधून क्लबचा नंबर वजा करा, उत्तर म्हणजे हवेतल्या अंतराच्या किती पट घरंगळ. आठ नंबरने चारपट. पिचिंग वेज दहा नंबर धरली तर दुप्पट. समजा ग्रीनची कड तीन मीटरवर आणि झेंडा १५ मीटरवर आहे. आठ नंबरने तीन मीटर उडवा, बारा मीटर घरंगळेल. हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे. फार कोरड्या दिवशी घरंगळ आणखी वाढते, म्हणून एक नंबर वरचा क्लब घ्या, आठऐवजी नऊ.

आयर्नने मोठे फटके मारताना जमीन खोदायला जाऊ नका. टणक वाळूवर सततच्या आघाताने मनगट आणि कोपर तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. गवताचा पातळ पापुद्रा निघाला की पुरे.

लांब फेस्क्यूचा रफ लांबून निरुपद्रवी वाटतो. गवताची पाती क्लबच्या दांड्याला जिथे पातं जोडलेलं असतं तिथे गुंडाळली जातात, क्लबचं पातं मिटतं आणि बॉल डावीकडे खाली जातो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा). नऊ नंबर किंवा वेज, मूठ घट्ट, आणि सर्वांत जवळचा फेअरवे. फाँतेनब्लोकडच्या हेदरच्या झुडपांत तर एवढ्यानेही समाधान मानावं.

ग्रीनवर मात्र उलटा धक्का बसतो. तपकिरी, चकाकणारे ग्रीन काचेसारखे वेगवान वाटतात, पण फेस्क्यूचे ग्रीन बहुधा मध्यम वेगाचे ठेवतात. कारण वारा. ग्रीन फार गुळगुळीत केले तर जोराच्या झुळुकीत बॉल आपोआप हलू लागतो. तसं झालंच तर नियम साधा आहे. बॉल एकदा उचलून परत ठेवला असेल आणि मग वाऱ्याने हलला, तर मूळ जागी ठेवायचा. उचललाच नसेल तर नव्या जागेवरून खेळायचं. दंड दोन्हीत नाही. जमिनीतल्या भेगेत बॉल अडकला तर सुटका मिळतेच असं नाही. क्लबने ती जागा दुरुस्तीखालची म्हणून जाहीर केलेली असावी लागते. सशाच्या बिळातून मात्र फुकट सुटका आहे, आणि वाळूच्या टेकड्यांत ससे भरपूर.

सामान, कागद, पोटपूजा

फ्रान्समध्ये हँडिकॅपला, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याला, ‘इंडेक्स’ म्हणतात. नामांकित कोर्स तो विचारतात, काही ठिकाणी शनिवार-रविवारी मर्यादाही असते, म्हणून दाखला फोनमध्ये आणि कागदावर, दोन्ही ठेवा. कॅडी सहसा नसतो. आपल्याकडे सवय झालेल्यांना हे जड जातं, कारण बॉल शोधायला, ग्रीन वाचायला कुणी नाही आणि शोधायला वेळ फक्त तीन मिनिटं. हाताने ओढायची ट्रॉली भाड्याने मिळते. घरची विजेची ट्रॉली नेणार असाल तर बॅटरी तपासा. १०० वॉट-अवरच्या वरच्या लिथियम बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, १६०च्या वरची प्रवासी सामानात घेतच नाहीत.

वाकडा गेलेला बॉल माणसांकडे निघाला तर ‘बाल!’ असं ओरडा, ‘फोर’ नको. नळावर ‘ओ नाँ पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका आणि थुंकी लावून बॉल पुसायची सवय त्या आठवड्यापुरती सोडा. काही कोर्स प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात.

आणि जेवण. क्लबहाउसचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. अकराची टी घेतली की साडेतीनला शेवटच्या ग्रीनवरून उतरल्यावर कॉफीखेरीज काही मिळेलच असं नाही, शाकाहारी माणसाला तर नाहीच. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात दशम्या आणि कोरडी चटणी बसते.